डिस्क दिसत नाही? आधी फॉरमॅटवरचं बोट काढा

लग्नाचं शूटिंग, बारशाचे फोटो, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यपदं असं बरंच काही घरातल्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर साठलेलं असतं. ती टीव्हीखालच्या मीडिया प्लेअरला जोडावी, तर पडद्यावर सूचना येते : ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? इथे ‘हो’ दाबू नका. फॉरमॅट केल्यावर प्लेअर डिस्क ओळखेलही, पण आतलं सगळं हाताबाहेर गेलेलं असेल. आणि पुष्कळदा डिस्कला काहीही झालेलं नसतं.

खात्री करणं सोपं आहे. तीच डिस्क त्याच केबलने कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथे फाइल्स उघडल्या, तर प्लेअर आणि डिस्क यांचं कुठेतरी जुळत नाही एवढाच अर्थ. तिथेही उघडत नसतील आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर मात्र ती पुन्हा पुन्हा जोडून पाहू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

न जुळण्याचं पहिलं कारण वीज. यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअ‍ॅम्पिअर द्यावेत असं ठरलेलं आहे, ३.० पोर्टने ९००. फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुरुवातीच्या क्षणी याहून जास्त लागू शकतात. मग लाइट लागतो, तबकडी फिरू पाहते आणि थांबते. लांब, बारीक केबल असली की आणखी पंचाईत. केबल बदला, नाहीतर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा. पेन ड्राइव्ह चालतो आणि हार्ड डिस्क चालत नाही, अशा घरात आधी हेच करून पाहावं.

वीज पुरेशी असूनही अडतं ते फाइल सिस्टीमपाशी. जमिनीचं दप्तर तलाठ्याकडे असतं, तशी डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची नोंद फाइल सिस्टीम ठेवते. विंडोजची एनटीएफएस, मॅकची एपीएफएस, पेन ड्राइव्हवर सहसा फॅट-३२. मॅकवर तयार केलेली डिस्क बहुतेक प्लेअर वाचतच नाहीत. फॅट-३२ जवळजवळ सगळे वाचतात, पण तिच्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. डिस्क रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं ऐकावं लागतं ते त्यामुळे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या एक्सफॅटला ही अडचण नाही. मात्र तिचा तांत्रिक तपशील कंपनीने २०१९ मध्ये खुला केला. तोवर परवाना घ्यावा लागे, म्हणून कित्येक जुन्या प्लेअरना ती कळत नाही. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कचंही असंच होऊ शकतं, कारण तिला लागणारी जीपीटी विभागणी जुन्या प्लेअरना ठाऊक नसते.

तेव्हा प्लेअरच्या माहितीपुस्तिकेत कोणती फाइल सिस्टीम चालते ते पाहा. सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, तिथल्या चार फाइल्स उघडून पाहा आणि मगच फॉरमॅट करा, तेही कॉम्प्युटरवर. आणखी एक : कॉम्प्युटरवरून डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ न करता उपटली, तर नोंदी अर्धवट राहतात आणि काही प्लेअर ती घेत नाहीत. विंडोजमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्समध्ये जाऊन चेक केलं, की अनेकदा काम होतं.

नेटवर्कवरचा गुंता वेगळा. कॉम्प्युटरवरचा शेअर केलेला फोल्डर प्लेअरला वर्षानुवर्षं दिसत होता, नवा कॉम्प्युटर आला आणि दिसेनासा झाला. यामागचा धोका मे २०१७ मध्ये सगळ्यांसमोर आला. वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं, ब्रिटनमधली रुग्णालयंसुद्धा अडली. ते शिरत होतं विंडोजच्या एसएमबी-१ या जुन्या फाइल-शेअरिंग पद्धतीतल्या त्रुटीतून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० ने त्या पद्धतीने फोल्डर देणं बंद केलं. जुन्या प्लेअरना मात्र तेवढीच पद्धत येते. ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सहज मिळतो. तो घेऊ नका, कारण त्यात अख्ख्या घराचा डेटा धोक्यात येतो. प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करून पाहा. अपडेट नसेल, तर कॉम्प्युटरवर डीएलएनए सर्व्हर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून प्लेअरला फोटो-व्हिडिओ पुरवणारं सॉफ्टवेअर, बसवा. त्याला एसएमबी लागत नाही.

प्लेअर नवा असूनही कॉम्प्युटर दिसत नसेल, तर दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना, एखादा ‘गेस्ट’ नेटवर्कवर तर नाही ना, हे पाहा. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवलेलं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. कॉम्प्युटर दिसतो पण पासवर्ड नाकारला जातो, तेव्हा बहुधा माणूस लॉगिनचा पिन टाकत असतो. पिन त्या कॉम्प्युटरपुरताच असतो. प्लेअरला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. फक्त शेअरिंगसाठी पासवर्डसह एक वेगळं स्थानिक खातं काढलं आणि त्याला त्या एका फोल्डरची वाचण्यापुरती परवानगी दिली, की प्लेअरमध्ये तो पासवर्ड एकदाच भरावा लागतो.