होम थिएटरची जोडणी (लेखांक ४) : ध्वनीचा परतीचा मार्ग

मागील लेखांकात वर्णिलेल्या पारंपरिक मांडणीत एव्ही रिसीव्हर, म्हणजे अनेक उपकरणांचे संकेत स्वीकारून ध्वनी स्पीकरांकडे व चित्र टीव्हीकडे धाडणारे उपकरण, मध्यभागी असतो आणि टीव्हीकडे केवळ पडद्याचे काम उरते. चित्रपट दाखवणारी ॲप्स टीव्हीमध्येच आली, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडली; कारण आता ध्वनी टीव्हीच्या आतच निर्माण होतो आणि तो रिसीव्हरकडे किंवा साउंडबारकडे उलट दिशेने न्यावा लागतो.

या उलट प्रवासाचे जुने साधन म्हणजे ऑप्टिकल केबल. तोशिबा कंपनीने 1983 मध्ये आणलेल्या या जोडणीत ध्वनीचे अंक प्रकाशाच्या रूपाने वाहतात, त्यामुळे विजेच्या तारांमधून येणारी घरघर तिच्यात शिरत नाही. तिची क्षमता मात्र बेताची आहे : संक्षेप न केलेला, म्हणजेच पीसीएम, ध्वनी तिच्यातून दोनच वाहिन्यांचा जातो, आणि पाच स्पीकर व एक सबवूफर यांच्यासाठीचा 5.1 ध्वनी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पद्धतीने आकुंचित करूनच पाठवावा लागतो.

2009 च्या एचडीएमआय 1.4 या आवृत्तीने ऑडिओ रिटर्न चॅनल, संक्षेपाने एआरसी, ही सोय दिली. टीव्हीकडे चित्र नेणाऱ्या केबलीतूनच टीव्हीचा ध्वनी माघारी येतो, त्यामुळे वेगळी तार लागत नाही. येथे अनेकांचा गोंधळ होतो, तो असा की रिसीव्हरवर ज्या खाचेवर ‘आऊट’ असे लिहिलेले असते, तिच्यातूनच टीव्हीचा आवाज आत येतो. शिवाय टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय खाचांपैकी बहुधा एकच एआरसीची असते, आणि केबल शेजारच्या खाचेत गेली तर चित्र उत्तम दिसूनही स्पीकर मुके राहतात.

एआरसीची मर्यादा क्षमतेची आहे. ॲप्सवरील डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे आवाजाला उंचीचीही जाणीव देणारी पद्धत, बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या आकुंचित स्वरूपात येते, आणि दोन्ही उपकरणांना ती चालत असेल तर साध्या एआरसीवरूनही ती जाऊ शकते. परंतु ब्लू-रे चकतीवरील ट्रूएचडी हा काहीही न गमावता आकुंचित केलेला ध्वनी सेकंदाला 18 मेगाबिटपर्यंत जातो आणि तो या वाटेत मावत नाही. महागडी केबल घेऊनही ही मर्यादा ओलांडता येत नाही, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. त्यासाठी 2017 च्या एचडीएमआय 2.1 सोबत आलेली ईएआरसी ही सुधारित वाट हवी; तिची क्षमता सेकंदाला सुमारे 37 मेगाबिट आहे, मात्र दोन्ही टोकांची उपकरणे ती मानणारी असावी लागतात.

ईएआरसीमुळे जोडणीचा क्रमच बदलता येतो, आणि जुना रिसीव्हर असलेल्या घरात तो बदलणेच शहाणपणाचे ठरते. फोर-के चित्रपटांना नक्कल रोखणाऱ्या एचडीसीपी 2.2 या संरक्षणाची अट बहुधा असते, आणि वाटेतील एकही उपकरण ती पाळत नसेल तर पडदा काळा राहतो किंवा चित्राचा दर्जा खाली येतो. अशा वेळी प्लेअर थेट टीव्हीला जोडून ध्वनी तेवढा मागे पाठवला की चित्राच्या मार्गातून जुना रिसीव्हर दूर होतो. तो ईएआरसी न मानणारा असल्यास अर्थातच ध्वनीला एआरसीची किंवा ऑप्टिकलची मर्यादा सोसावी लागते, आणि तरीही चांगल्या चित्रासाठी ही तडजोड बहुतेकांना परवडणारी आहे.

जोडणीनंतर टीव्हीच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेले राहिले, तर एआरसीवरून दोनच वाहिन्या बाहेर पडतात आणि मागचे स्पीकर निष्कारण बदनाम होतात. तेथे ‘पासथ्रू’ निवडावे, म्हणजे टीव्ही आलेल्या संकेतात ढवळाढवळ न करता तो पुढे देतो आणि उलगडण्याचे काम रिसीव्हर करतो. ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल, तर दोष बहुधा केबलचा नसून चित्रावर प्रक्रिया करण्यात टीव्हीला लागणाऱ्या वेळेचा असतो. ध्वनी तेवढाच उशिरा सोडण्याची सोय रिसीव्हरच्या लिप-सिंक या सेटिंगमध्ये सापडते.