भोरड्या आल्या, लिहून ठेवा!

पोरांनो, पाखरं थंडीत जातात कुठे, याचा माणसाला हजारो वर्षं पत्ता नव्हता. युरोपातले भलेभले विद्वान म्हणायचे, भिंगऱ्या तळ्याच्या बुडाशी चिखलात झोपून राहतात. इंग्लंडातल्या एकाने तर पाखरं चंद्रावर जातात असं लिहिलं!

मग १८२२ साल उजाडलं. जर्मनीत क्ल्यूट्झ गावाजवळ कुणीतरी एक पांढरा करकोचा मारला. बघतात तर त्याच्या मानेतून ८० सेंटिमीटरचा भाला आरपार गेलेला, आणि भाल्याचं लाकूड आफ्रिकेतलं! तसल्या जखमेनिशी ते पाखरू हजारो किलोमीटर उडून मायदेशी आलं होतं, आणि तिथे त्याला गोळी लागली. मला अजून वाईट वाटतं त्याचं. रोस्टॉकच्या विद्यापीठात तो करकोचा आजही ठेवलेला आहे. जणू आफ्रिकेचं पत्रच घेऊन आला होता तो.

पण दर पाखराला भाला लागायची वाट थोडीच बघायची? डेन्मार्कमध्ये व्हिबॉर्गला मॉर्टेन्सन नावाचे एक शाळामास्तर होते. १८९९ मध्ये त्यांनी १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात अॅल्युमिनियमची हलकी वाळी घातली. वाळ्यावर गावाचं नाव आणि आकडा. पाखरू कुठेही सापडो, मास्तरांच्या वहीत त्या आकड्यापुढे त्याची हकिकत मिळायची. केवढं मोठं काम, आणि किती साधं! आपल्याकडे १९५९ पासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे असंच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. ‘मुंबईला कळवा’ अशा अर्थाची वाळी घातलेले पक्षी पार रशियात सापडले.

मास्तरांच्या त्या स्टार्लिंगची चुलत बहीण आपल्या शिवारात येते, ती भोरडी. डोकं काळं कुळकुळीत, मानेवर शेंडी, पाठ-पोट फिकट गुलाबी. पिल्लं मात्र मातकट. भोरड्या मध्य आशियात वाढतात आणि पावसाळा सरता सरता इकडे येतात. ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी त्यांच्यावर गोफण फिरवतो, आणि त्याचं चुकत नाही. पण हीच पाखरं तिकडे पिल्लांना टोळ भरवतात, टोळांचा फडशा पाडतात, हेही तुम्हाला ठाऊक हवं.

आता वही उघडा. तारीख, वेळ, जागा, पाखरू, किती दिसली. थवा मोठा असला तर आधी दहा पाखरं मोजायची, तेवढ्यांनी थव्याचा किती भाग व्यापला ते बघायचं आणि मग अंदाज करायचा. कशावर बसली होती, काय खात होती, तेही लिहायचं.

पहिल्या थव्याची तारीख सगळेच उत्साहाने टिपतात. खरी पंचाईत शेवटच्या थव्याची. वसंतात काटेसावर आणि पळस फुलले की भोरड्या मधासाठी झोंबतात, आणि मग एक दिवस दिसेनाशा होतात. हाच शेवटचा थवा, हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये रोज बांधावर जायचं, आणि काही दिसलं नाही तर ‘गेलो होतो, भोरडी नाही’ असं तारखेसकट लिहायचं. पान कोरं सोडलंत, तर पाखरं गेली होती की तुम्हीच फिरकला नव्हता, हे पुढे वही चाळणाऱ्याला कसं कळणार?