उसाच्या फडातला फोटो घरी कसा पोचतो?

वाचकहो, घरात नव्वदीच्या आसपासचे कुणी म्हातारे असेल तर त्यांना ‘हाली शिक्का’ म्हणजे काय ते विचारा. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इकडे रुपया हाली, पलीकडे नगर जिल्ह्यात कलदार. तिकडे बैल घ्यायला जायचे तर आधी हालीचे कलदार करावे लागत आणि त्यात बट्टा जाई. शेर-पायलीचाही असाच घोळ, गाव बदलले की माप बदलले. १९५८ पासून किलोची वजने आली तेव्हा कुठे देशभर एक माप झाले.

संगणकांचेही एके काळी असेच होते. एका कंपनीच्या यंत्राची बोली दुसरीच्या यंत्राला कळत नसे. मग बोलण्याचे नियम ठरले. त्यांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची लाखो माणसे ऊसतोडीला जातात. समजा, मुलगा-सून कोल्हापूरकडच्या फडात आहेत आणि नातवंडे आजीपाशी. सुनेने फोटो धाडला. तो अख्खा येत नाही, त्याची शे-दीडशे लहान पाकिटे होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, हे काम आयपी नावाच्या नियमाचे. टीसीपी हा दुसरा नियम मालाला क्रमांक घालतो, जसे आपण कापसाच्या गाठींवर घालतो. पाकिटे वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे आली तरी क्रमाने लावता येतात. माल मिळाला की पोच जाते. पोच आली नाही तर तेवढेच पाकीट पुन्हा रवाना होते. वाडीत रेंज कमी असली की फोटो नुसता गोल फिरत राहतो ना? तेव्हा बहुधा हेच चाललेले असते. (मध्ये कंपनीची यंत्रे असतात, ते असो.)

हे नियम कुणी केले? ही हकिकत मोठी गमतीची आहे. १९६९ साली अमेरिकेत स्टीव्ह क्रॉकर नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी होता. सोबत्यांची झोपमोड नको म्हणून रात्री न्हाणीघरात बसून त्याने पहिले टिपण लिहिले. त्यावर तारीख ७ एप्रिल. आपण पोरे, मोठ्यांना नियम सांगणारे कोण, या संकोचाने त्याने टिपणांना नाव दिले ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘आपले मत कळवा’. आज अशी नऊ हजारांहून जास्त टिपणे झाली आहेत आणि नाव तेच आहे, आरएफसी! त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला पहिला निरोप धाडला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे गेली आणि यंत्र बंद पडले.

पुढे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये टीसीपीची कल्पना मांडली. १ जानेवारी १९८३ ला त्या वेळचे सारे जाळे जुने नियम सोडून यावर आले. १९८६ पासून आयईटीएफ नावाची मंडळी हे काम पाहतात. तिथे सभासद-फी नाही, कुणीही मत कळवावे. सभेचा कल पाहायचा तर हात वर करण्याऐवजी तोंड मिटून हुंकार देण्याची रीत आहे! आपल्या ग्रामसभेत हे चालेल असे वाटत नाही.

मायबापहो, तुमची मुलगी संगणकात रमत असेल तर ही टिपणे तिला फुकट वाचता येतील. आयपीचे ७९१ क्रमांकाचे, १९८१ चे. टीसीपीचे सुधारलेले ९२९३, सन २०२२ चे. इंग्रजी अवघड आहे, शिक्षकांची मदत लागेल. आधी शाळेच्या संगणकावर ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा आणि एखादा पत्ता टाकून पाहू द्या. एसटीचे थांबे लागावेत तशी वाटेतली यंत्रे एकाखाली एक येतात, पुढे सेकंदाच्या हजाराव्या भागात वेळ असते. काही ओळींत नुसत्या चांदण्या दिसतील. तिने ‘हे बिघडले का?’ म्हणून विचारले तर सांगा, ते यंत्र उत्तर देत नाही एवढेच. खाली पुढचे थांबे दिसत असतील तर पाकीट तिथून पुढे गेलेले आहे.