दिवा आणि उजेड

मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी रंगविलेले 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र आहे. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने त्याला आडोसा करणाऱ्या त्या स्त्रीच्या प्रतिकृती किती घरांच्या भिंतींवर लागल्या असतील याची मोजदाद अशक्य आहे, आणि अनेकांनी ते चित्र परस्पर राजा रविवर्म्याच्या खाती जमा करून टाकले, हा हळदणकरांवर झालेला अन्यायच होय. हे चित्र पाहणाऱ्याला कोणी काही समजावून द्यावे लागत नाही. सारा तपशील हुबेहूब हजर असल्यामुळे नजरेची खातरजमा तत्काळ होते, आणि ओळख पटल्याचे ते समाधान हलक्या प्रतीचे असते असे मानण्याचा उद्धटपणा निदान मी तरी करणार नाही.

परंतु लहानपणी आमच्या ओटीवर टांगलेल्या एका जुन्या दिनदर्शिकेवरील याच चित्रावर मी एकदा सहज तळहात ठेवून त्या बाईंचा चेहरा झाकला, मग दुसऱ्या हाताने साडीही झाकली, तेव्हा मधल्या फटीत जे उरले ते ना बाई होते ना दिवा. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांच्या कडांना चढलेली तांबूस झाक तेवढी होती, आणि ती काळोखात कोठे विरते ते सांगता येत नव्हते. चित्राची ओढ तेथे होती. बाकीचा सरंजाम त्या उजेडाला ठिकाण मिळावे म्हणून मांडलेला होता.

दिवा काढून घेऊन उजेड तेवढा ठेवता येईल काय? 1924 साली नागपुरात जन्मलेले आणि 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे यांनी आरंभीच्या आकृती हळूहळू सोडून दिल्या त्या, मला वाटते, याच वाटेने. 'अमूर्त' हा शिक्का त्यांना मान्य नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत, आणि हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, कारण अमूर्त म्हटले की कोणती तरी मूर्त वस्तू मागे गृहीत धरली जाते. रोलरने तैलरंगाचा थर पसरावा, ओला असतानाच त्यावर कागद दाबून रंग टिपावा, सुरीने खरवडून खालचा थर उघडा करावा, आणि मग थांबावे, अशी त्यांची रीत असल्याने वर्षाकाठी हातून मोजकीच चित्रे उतरत. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा ते जाऊन तेरा वर्षे झाली होती.

अशा चित्रापुढे 'हे कशाचे आहे?' अशी तक्रार करणाऱ्या आपल्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांची अर्धवर्तुळे एकात एक गुंफलेली पाहिली आहेत, त्यांतले एखादे चुकले तर सासूने सुनेला ते पुन्हा काढावयास लावलेलेही पाहिले आहे. पण ती कशाची आहेत, असा जबाब कोणी कोणाकडे मागितला नाही. चौकटीत बसवून भिंतीवर टांगले की मात्र आपल्याला दाखला लागतो.

आता या मुलखात भोंदू पुष्कळ शिरले आहेत, हेही कबूल केले पाहिजे. ज्यांना हाताचा पंजा रेखाटता येत नाही असे कित्येक जण अमूर्ताच्या आडोशाला बसून राहतात. त्यांना ओळखण्याची माझी पद्धत अगदी गावठी आहे. मी घड्याळ पाहून उभा राहतो. बनावट चित्र दुसऱ्या मिनिटाला संपते, तिसऱ्याला त्यात पाहण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. उलट गायतोंडे यांच्या एका पिवळसर चित्रापुढे मी असाच उभा होतो, तेव्हा पहारेकरी येऊन 'साहेब, वेळ झाली' असे दोनदा म्हणाला, तरी वरच्या भागातले ते गडद डाग रंगाच्या पृष्ठावर आहेत की त्याच्या खाली बुडालेले आहेत, हे मला ठरविता आले नव्हते.