पाटी लावली म्हणजे गुन्हा झाला?

मळवली स्टेशनवर उतरून भाजे, गायमुख खिंड करत लोहगडवाडी गाठायची म्हटली, तर वाटेवरच्या पाट्या वाचूनच भित्रा माणूस माघारी फिरेल. ‘खासगी मालमत्ता. विनापरवाना प्रवेश केल्यास फौजदारी गुन्हा दाखल होईल.’ दुसरीकडे, ‘गड काय कोणाच्या बापाचा आहे?’ म्हणत बिनधास्त चढणारेही आहेत. पाटीला भिणारा जितका चुकतो तितकाच हा बिनधास्त गडीही चुकतो, आणि पोलिसांच्या कागदावर नाव येण्याची शक्यता याचीच जास्त.

‘दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवला की गुन्हा.’ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारी अतिक्रमण आहे. जुन्या दंडसंहितेत ते ४४१ आणि ४४७ होते. जागा दुसऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे, आणि आत जाण्यामागे काही गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा हेतू असला पाहिजे. रीतसर आत गेलेला माणूस अशाच हेतूने ठाण मांडून बसला, तर तोही यात येतो. वाट चुकून कुणाच्या भातखाचरात शिरलेला ट्रेकर यात बसत नाही. बांध तुडवला म्हणून शेतकरी संतापेल, आणि संतापावंच. पण मालकाला राग आला एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. मथरी विरुद्ध पंजाब राज्य या साठच्या दशकातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा स्पष्ट केला. समोरच्याला त्रास होईल हे माहीत असणं पुरेसं नाही. त्रास देणं हा आत शिरण्यामागचा उद्देश असायला हवा. अर्थात हेतू कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. न्यायालय तो वागण्यावरून ओळखतं. ‘बाहेर व्हा’ म्हटल्यावर ‘चुकलो दादा, वाट कुठून आहे?’ असं विचारणारा आणि तिथेच स्पीकर लावून शिवीगाळ करणारा, दोघे एकाच कुंपणातून आत आलेले असले तरी कायद्याच्या नजरेत ते एक नाहीत.

‘सातबारा माझ्या नावावर, मग मी अतिक्रमण कसं करीन?’ मावळात हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. कलम ३२९ मालकी विचारत नाही, ताबा विचारतं. बंगला भाड्याने दिला असेल तर भाडेकरूला हुसकावायला दांडगाईने आत शिरणारा घरमालक स्वतःच आरोपी होऊ शकतो, आणि राहत्या घरात शिरणं म्हणजे गृहअतिक्रमण. साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरासाठी कैदेची मर्यादा एक वर्ष. मारहाणीची तयारी करून घरात घुसल्याचा आरोप असेल तर कलम ३३३ लागतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि ते अजामीनपात्र आहे. म्हणून फिर्याद हातात आली की आधी कलमं वाचावीत. ३२९ एकटं क्वचितच येतं.

गावकऱ्यांचं दुखणं वेगळंच. मुंबई-पुण्याच्या माणसाने प्लॉट घेतला, तारेचं कुंपण घातलं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गुरांची वाट आत गेली. गुराखी नेहमीप्रमाणे निघाला की ‘ट्रेसपासिंगची केस टाकतो’ ही धमकी ठरलेली. वहिवाटीचा हक्क आहे अशा प्रामाणिक समजुतीने जाणं हा या आरोपावरचा बळकट बचाव आहे. पण म्हणून रात्री कोयत्याने तारा तोडू नयेत, कारण मालमत्तेचं नुकसान हा स्वतंत्र गुन्हा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली वडगावच्या तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बेकायदा हुसकावलेल्या ताबेदारालाही विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी न्यायालयात जायला सहाच महिने मिळतात. ‘बसून मिटवू’ म्हणत गावकीच्या बैठकांत हीच मुदत निघून जाते. मोजणी नकाशा, जुने फेरफार, वाटेचे फोटो, शेजाऱ्यांचे जबाब, हे तेवढ्या काळात गोळा करायचं असतं.

‘माझ्या जागेत घुसला, मी त्याला काहीही करीन.’ मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरता. साध्या अतिक्रमणात जीव घेण्यापर्यंत तो कधीच जात नाही. पर्यटकांना खोलीत कोंडून ठेवलं, गाडीची किल्ली काढून घेतली, तर फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. गुरांसाठी १८७१ च्या कायद्यापासून कोंडवाडा आहे. माणसांसाठी ११२ नंबर.

आता बिनधास्तांकडे वळू. ‘सरकारी जागा म्हणजे सर्वांची’ हा समज ३२९ पेक्षा फार जास्त लोकांना अडकवतो, कारण इथले बाकीचे कायदे तुमचा हेतू विचारत बसत नाहीत. मळवलीला पूल सोडून रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ चा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राखीव वनात विनापरवाना शिरणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये येतं. लोहगड, विसापूर आणि भाजे लेणी ही तिन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा लोहगडाच्या विंचूकाटा माचीवर तंबू ठोकून रात्र काढायची हौस आता तरी सोडावी. दगडावर नाव कोरणाऱ्याला तर १९५८ च्या पुरातन स्मारक कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांची भर पडते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंध आले. असा आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. इथे बचावाचे दोन मुद्दे असतात: आदेश आरोपीला माहीत होता का, आणि संबंधित अधिकाऱ्याने न्यायालयात लेखी तक्रार केली आहे का. त्या तक्रारीशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही.

‘एफआयआर झाला म्हणजे अटक ठरलेली.’ ३२९ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात; पण ते जामीनपात्रही आहे, म्हणून जामीन हा हक्क आहे. बहुतेक वेळा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते. तिला ठरल्या दिवशी हजर राहून उत्तर द्यावं. नोटीस फाडून टाकणारेच अटक ओढवून घेतात. वाद मुळात हद्दीचा असताना त्याला फौजदारी रंग दिला असेल, तर गुन्हा रद्द करण्यासाठी याच सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं. तेवढा खर्च झेपत नसेल तर तडजोडीचा मार्ग आहे. ३२९ चा खटला जागेचा ताबा असलेली व्यक्ती आपसात मिटवू शकते, आणि तशी तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच धरलं जातं. त्या कागदावर सही ताबेदाराची लागते. प्लॉट दाखवणाऱ्या एजंटाची किंवा राखणदाराची चालत नाही.