पायथन वेब एपीआयमधील डेटाबेस-आधारित पडताळणी

वेब एपीआयकडे आलेली माहिती स्वीकारण्यापूर्वी ती डेटाबेसात आधीपासून असलेल्या नोंदींशी ताडून पाहण्याच्या प्रक्रियेस डेटाबेस-आधारित पडताळणी असे म्हणतात. दिलेला ई-मेल पत्ता पूर्वी नोंदवला गेला आहे काय, मागणीत उल्लेखलेले उत्पादन अस्तित्वात आहे काय, त्याचा पुरेसा साठा शिल्लक आहे काय, ही तिची नेहमीची उदाहरणे होत.

स्वरूपाच्या पडताळणीहून वेगळेपण

ई-मेल पत्त्याची रचना योग्य आहे किंवा संख्या धन आहे, हे केवळ आलेल्या माहितीवरून ठरवता येते. अशा तपासणीचे उत्तर केव्हाही तेच राहते. डेटाबेसावर अवलंबून असलेल्या तपासणीचे उत्तर मात्र त्या क्षणापुरतेच खरे असते. पुढच्याच क्षणी दुसऱ्या विनंतीमुळे ते बदलू शकते.

पायथनमधील मांडणी

फास्टएपीआय या फ्रेमवर्कमध्ये स्वरूपाची पडताळणी पायडँटिक ही लायब्ररी करते. पायडँटिकची पडताळणी फंक्शने समकालिक असल्याने त्यांत असमकालिक क्वेरीच्या उत्तराची वाट पाहता येत नाही. शिवाय मॉडेलमध्येच क्वेरी ठेवल्यास ते मॉडेल जेथे जेथे वापरले जाईल तेथे डेटाबेसची जोडणी आवश्यक ठरते. म्हणून अशा तपासण्या सामान्यतः फास्टएपीआयच्या डिपेंडन्सी यंत्रणेत किंवा स्वतंत्र सेवास्तरात ठेवतात. जँगोमध्ये मॉडेलची संपूर्ण पडताळणी करणारी पद्धत अनन्यताही तपासते; परंतु नोंद जतन करताना ती आपोआप चालवली जात नाही.

रेस कंडिशन

'आधी शोधा, नसेल तर नोंदवा' हा क्रम वरवर पाहता पुरेसा वाटतो. समजा, एकाच ई-मेल पत्त्यासाठी दोन विनंत्या जवळजवळ एकाच वेळी आल्या. दोघींनीही शोध घेतला, दोघींनाही पत्ता आढळला नाही आणि दोघींनीही नोंद केली, तर एकाच पत्त्याची दोन खाती तयार होतात. या स्थितीस रेस कंडिशन म्हणतात. हा क्रम ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळूनही दोष आपोआप दूर होत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या पूर्वनिर्धारित विलगीकरण पातळीत एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे अद्याप कायम न झालेले बदल दिसत नाहीत. चाचणीच्या वेळी विनंत्या एकामागून एक येत असल्याने हा दोष बहुधा लक्षात येत नाही.

डेटाबेसातील निर्बंध

यावरील भरवशाचा उपाय म्हणजे नियम डेटाबेसातच निर्बंधाच्या रूपाने नोंदवणे. अनन्यतेसाठी युनिक निर्बंध, तर संबंधित नोंदीच्या अस्तित्वासाठी फॉरेन की वापरतात. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची अंमलबजावणी सामान्यतः प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्रपणे चालू करावी लागते. निर्बंध मोडल्यास पायथनच्या डेटाबेस जोडणीविषयक प्रमाणकात, म्हणजे पेप २४९ मध्ये, सांगितलेली इंटिग्रिटी-एरर ही त्रुटी उद्भवते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अनन्यताभंगाचा संकेतांक २३५०५, तर फॉरेन कीच्या भंगाचा २३५०३ आहे. त्रुटी पकडल्यावर ट्रान्झॅक्शन मागे घेणे आवश्यक असते, अन्यथा त्याच ट्रान्झॅक्शनमधील पुढील क्वेरीही अयशस्वी होतात.

साठ्यासारख्या बाबतीत आधी वाचून मग लिहिण्याऐवजी 'शिल्लक पुरेशी असेल तरच वजा करा' अशी अट अद्ययावत करणाऱ्या एकाच क्वेरीत घालतात. एकही ओळ बदलली नाही, तर साठा अपुरा असल्याचे किंवा ती नोंदच नसल्याचे समजते.

निर्बंध असले तरी पूर्वतपासणी निरुपयोगी ठरत नाही. तिच्यामुळे वापरकर्त्याला अनेक चुका एकाच वेळी व स्पष्ट शब्दांत सांगता येतात. अंतिम निर्णय मात्र निर्बंधाचा असतो.

उत्तराचे संकेतांक

स्वरूपातील चुकीसाठी फास्टएपीआय ४२२ हा एचटीटीपी संकेतांक देते. विद्यमान नोंदीशी विरोध असल्यास ४०९, तर पत्त्यात उल्लेखलेली नोंद न सापडल्यास ४०४ वापरण्याचा प्रघात आहे. न हाताळलेली इंटिग्रिटी-एरर ५०० या संकेतांकाने बाहेर पडते आणि वापरकर्त्याची चूक सर्व्हरची चूक म्हणून दिसते. 'हा ई-मेल आधीच नोंदलेला आहे' या संदेशातून कोणाचे खाते आहे हे परक्यास कळू शकते. म्हणून संवेदनशील सेवांमध्ये उत्तर सर्वांना सारखेच देऊन तपशील त्या ई-मेल पत्त्यावर पाठवतात.