अकराव्या महिन्यातला पाऊस

काडेपेटीएवढं पान, पण हातात घेतलं की वजन जाणवतं. हानाफुदाचा कॅट आपल्या पत्त्यांसारखा फर्रकन पिसता येत नाही, कारण पान वाकायलाच तयार नसतं. जमिनीवरच्या पानावर वरून दुसरं आपटलं की टप् असा भरीव आवाज येतो. मुरलेल्या जपानी खेळाडूला त्या आवाजाचं कौतुक चित्राइतकंच. पान उलटून पाहिलं तर कोपऱ्यात आकडा नाही, बदाम नाही, इस्पिक नाही. नुसतं झाड.

‘हाना’ म्हणजे फूल, ‘फुदा’ म्हणजे खेळायचं पान. १२ महिने, दर महिन्याचं एक झाड आणि प्रत्येक झाडाची चार पानं, अशी ४८. जानेवारीला पाईन, मार्चला साकुरा, सप्टेंबरला शेवंती, ऑक्टोबरला मेपल. मोल चित्रावरून ठरतं. झगमगीत पाच पानं २० गुणांची. पशुपक्षी किंवा एखादी वस्तू असलेली नऊ पानं १० गुणांची. कवितेसाठी झाडाला टांगतात तशी फीत असलेली दहा पानं ५ गुणांची आणि उरलेली २४ भुक्कड पानं एकेका गुणाची. एकूण २६४. हा हिशेब पानावर कुठेही छापलेला नसतो, तो खेळणाऱ्याच्या डोक्यात असतो.

५२ ऐवजी ४८ का, याचं उत्तर पोर्तुगीज जहाजांत आहे. त्यांच्या कॅटात दश्शी नसे. चार रंग, प्रत्येकी बारा पानं. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले आणि पुढे गोवा-मकाव-नागासाकी अशी त्यांची ये-जा सुरू झाली. त्याच खलाशांबरोबर ‘कार्ता’ जपानात गेला आणि ‘कारुता’ झाला. आपण पाव म्हणतो आणि जपानी ‘पान’ म्हणतात, तो शब्दही त्याच गलबतातला. जपानात बनलेल्या सुरुवातीच्या कॅटांपैकी एकच पान आज उरलं आहे. ते क्यूशूतल्या मीइकेच्या कारागिराने केलेलं आहे. मीइके आता ज्या ओमुता शहरात मोडतं, तिथे पत्त्यांचं संग्रहालय उभं आहे.

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं, पत्ते मात्र राहिले. जुगार वाढला की सरकार बंदी घाली आणि बंदी आली की पानांचं रूप बदले. १७८७ ते १७९३ च्या कान्सेई सुधारणांत असाच एक लोकप्रिय कॅट बंद पडला. त्यानंतर हानाफुदा पसरला. म्हणून सांगतात की पोलिसांना चकवायला आकडे पुसून फुलं काढली. मला ही गोष्ट जरा जास्तच सुबक वाटते. फुलांच्या जोड्या लावणं हा जपानी घरातला एक सभ्य खेळही होता, आणि फुलांआडचा जुगार न कळण्याइतकं सरकार खुळं नव्हतं. उघड विक्रीची मुभा मिळायला १८८० चं दशक उजाडलं.

चित्रांमागे वनस्पतिशास्त्र शोधायला जाल तर फसाल. किरी हे झाड डिसेंबरात फुलत नाही. तरी ते वर्षाच्या शेवटी आहे, कारण ‘किरी’चा दुसरा अर्थ ‘शेवट’. ऑक्टोबरच्या पानावरचं हरीण मान वळवून पाठीमागे बघतं. ‘शिका’ म्हणजे हरीण, ‘तो’ म्हणजे दहा. यातूनच एखाद्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करण्याला जपानीत ‘शिकातो’ म्हणू लागले. पाईन आणि उमे (जपानी प्लम) यांच्या लाल फितींवर ‘आका योरोशी’ लिहिलेलं असतं. त्यातलं ‘का’ इतक्या जुन्या वळणाचं आहे की आजचे जपानी ते ‘नो’ वाचून मोकळे होतात. छापणाऱ्यांनी अक्षर सुधारलं नाही ते बरं केलं. ज्या पानावर पैसा लागतो ते क्षणात ओळखू यायला हवं. नक्षीकाराची हौस तिथे चालत नाही.

तरी अकराव्या महिन्याचं पान बदललं, आणि मला संपूर्ण कॅटात तेच सर्वांत प्रिय. झाड विलोचं, म्हणजे कवितेतल्या वसंताचं. एका पानावर पाकोळी आहे, तीही वसंतातली. एका भुक्कड पानावर काळ्या-तांबड्या गुंत्यात वीज, ढोल आणि राक्षसाचा पंजा ओळखायला डोळे ताणावे लागतात. वीस गुणांच्या पानावर धो-धो पाऊस, छत्री घेतलेला एक गृहस्थ आणि त्याच्या पुढ्यात बेडूक. हा ओनो नो मिचिकाझे (८९४-९६६), नामांकित सुलेखनकार. अक्षर साधत नाही म्हणून तो वैतागला होता. एक बेडूक विलोच्या फांदीवर पुनःपुन्हा उडी मारताना त्याने पाहिला आणि तो परत लिहायला बसला, अशी आख्यायिका आहे. पत्त्यांच्या अड्ड्यावर चिकाटीचा हा धडा बघत कितीजण भिकेला लागले असतील!

पण हा सज्जन उशिरा आलेला पाहुणा. आधी त्या जागी तोंड लपवून पावसात धावणारा छत्रीवाला होता. तो ‘कानादेहोन चुशिंगुरा’ या १७४८ च्या नाटकातला ओनो सादाकुरो मानला जातो. हा दरोडेखोर आडवाटेवर एका म्हाताऱ्याला मारून सोन्याची ५० नाणी लुटतो. १७६६ मध्ये नट नाकामुरा नाकाझो याने त्याला काळा किमोनो घालून, फाटकी छत्री देऊन, चिंब भिजलेला रंगमंचावर आणला आणि छोटीशी भूमिका गाजवली. मेइजी काळात दरोडेखोर गेला आणि ऐकायला तेच ‘ओनो’ आडनाव असलेला विद्वान त्याच पावसात आला.

जुन्या पानांची घडण साधी नव्हती. कागदाचे थर चिकटवून मध्ये माती घालायची, म्हणून ते वजन आणि तो आवाज. काळी रेघ लाकडी ठशाने उमटवायची, रंग कापलेल्या साच्यांतून भरायचे. पाठीचा कागद कडेवरून पुढे दुमडून घ्यायचा, म्हणजे थर सुटत नाहीत. क्योतोचं मात्सुई तेंगुदो हे हाताने पानं करणाऱ्या शेवटच्या घरांपैकी एक, तेही बंद झालं. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्याला राजघराण्याने सावरलं, दशावताराची ती १२० गोल पानं आजही लाखेने रंगवली जातात. हानाफुदाला कोणी राजा लागला नाही, कारखान्यांनीच तगवलं. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत सुरू केलेली निन्तेन्दो ही पत्त्यांची पेढी व्हिडिओ गेमची कंपनी झाली तरी हानाफुदा छापतेच. त्यांच्या एका मालिकेचं नाव ‘राष्ट्राध्यक्ष’, वेष्टनावर चित्र मात्र नेपोलियनचं. त्यामुळे अजून कोणाचं अडलेलं नाही.

जुना कॅट हाती आला की संग्राहक चंद्र-सारसांच्या झगमगीत पानांच्या मोहात न पडता दोन ठिकाणी नजर टाकतो. किरीच्या भुक्कड पानावर करणाऱ्याचं नाव छापायची पद्धत आहे. १९०२ ला पत्त्यांवर कर बसला, तो १९८९ पर्यंत टिकला. त्यामुळे वेष्टनावर कराचं तिकीट असेल तर काळाचा अंदाज येतो. वेष्टन हरवलेलं असेल तर मग अकरावा महिना शोधायचा. छत्रीखालून धावणारे दोन पाय दिसले आणि बेडूक कुठेच नसला, तर तो कॅट जपून परत ठेवायचा.